वीस मिनिटं

मिनियापोलिस. जानेवारी. बाहेर उणे वीस.
बत्तीस मजल्यांची काच, आणि तिच्या तळघरात मी,
ऑर्विल ट्वेट. बॉयलरचा माणूस.
एकतीस वर्षं.
इमारत मला कानांनी कळते.
तीन नंबरच्या पंख्याचा पट्टा सैल झाला की तो जरासा कण्हतो.
नळात हवा अडकली की वाटतं,
कुणीतरी बोटांनी टकटक करत
मजल्यामागून मजला वर निघालंय.

मग मालकांनी पान्हिया थाओला पाठवलं.
वय सत्तावीस. पाठीवर पिशवी, पिशवीत मीटर.
म्हटलं, ही आता मला माझंच घर दाखवणार.
तिनं दाखवलं.

एकोणिसाव्यावर, छताची एक फरशी सरकवून
तिनं माझा हात धरला आणि नळीवर ठेवला.
ऊन.
वीतभर पलीकडे दुसरी नळी,
तिला दव सुटलेलं.
एक झडप अर्धवट उघडी राहून गंजलेली.
कधीपासून?
जुनी बिलं चाळत ती म्हणाली, अकरा वर्षं.

अकरा वर्षं बॉयलर तापवत होता
आणि चिलर तेच निववत होता,
एकाच खोलीत, भर जानेवारीतसुद्धा,
आणि मधल्या टेबलांवरचे हिशेबनीस म्हणायचे,
या मजल्यावरची हवा काय छान असते.

कण्हणं मला ऐकू येतं.
पण दोघं सारखाच जोर लावून
एकमेकांना अडवून धरतात
तेव्हा आवाजच होत नाही.
मर्लिस आणि मी शेवटची चार वर्षं अशीच काढली.
शेजारी म्हणायचे, किती शांत जोडपं.

पान्हियाला हे सांगितलं नाही.
विचारलं, नवी झडप केवढ्याला?

मार्चभर काम चाललं.
पंख्यांना हळू फिरायला शिकवलं.
तोवर त्यांना दोनच गोष्टी येत, पळणं आणि पडणं.
वेग एक पंचमांश उतरवा, वीज जवळजवळ निम्मी,
तिनं खडूनं गणित मांडलं तळघराच्या भिंतीवर,
ते मी अजून पुसलेलं नाही.
दिवे बदलले. दारांच्या फटी बुजवल्या.
छताला डोळे लावले:
माणूस हलला की उजेड,
पाच मिनिटं कुणी हललं नाही की अंधार.

मेमध्ये बिल आलं. तिसरा हिस्सा कमी.
मालकांनी केक पाठवला, त्यावर हिरव्या सायीची इमारत.
मला सहावा मजला मिळाला.

त्याच आठवड्यात, रात्री साडेअकराला, फोन.
होदान वारसमे, सफाईची.
बाविसाव्यावर दिवे जातात म्हणाली.
वर गेलो. अंधारात ती खिडकीपाशी
चटईवर बसलेली, नमाज झालेला,
बूट बाजूला, पाय सुजलेले.
मला बघून तिनं छताकडे हात हलवला.
लख्ख.
म्हणाली, सगळ्या मजल्यांवर असा हात करते मी.
कुणाला निरोप देतेय, कळत नाही.

मी शिडी लावली, डोळा तपासला.
बिघाड नव्हता.
तिथं खरंच काही हलत नव्हतं,
माळेच्या मण्यावरचा एक अंगठा सोडला तर.

खाली येऊन पॅनेल उघडलं.
बाविसावा मजला. पाच खोडून वीस.

जूनमध्ये पान्हियानं विचारलं,
बाविसाव्यावर रात्री थोडी जास्त वीज दिसते. झडप?
लिहिलं, झडप नाही.
किती जाते?
महिन्याला चार डॉलर.
त्यावर तिचं काही आलं नाही.

पहाटे घरी पोचतो.
भिंतीवरचा थर्मोस्टॅट बाहत्तरवर,
मर्लिसच्या आकड्यावर.
मला अडुसष्ट पुरतो.
स्वेटर काढून खुर्चीवर टाकतो
आणि खिडकी बोटभर उघडतो.